पक्ष गेला, कार्डं राहिली

गेल्या अंकात सीरियावर दोनच ओळी लिहिल्या होत्या, की ८ डिसेंबर २०२४ ला तिथला हुकूमशहा असद पळाला आणि नव्या लोकांनी २९ जानेवारी २०२५ ला त्याचा बाथ पक्षच बरखास्त करून टाकला, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की संपादक म्हणाले, ताई यावेळचा अख्खा कॉलम यालाच देऊन टाका. तर दिलाय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं देते.

ताई, हे बाथ काय प्रकरण आहे? आमचा पोरगा विचारतोय अंघोळीचा पक्ष आहे का. आणि सद्दामचा पण बाथच होता ना, मग एकच पक्ष दोन देशात कसा? (बार्शी)

पोराला सांगा अंघोळीशी काही संबंध नाही, पण खाली धुण्याच्या पावडरीचा संबंध येणार आहे, तेव्हा त्याला वाचायला द्या.

अरबीत बाथ म्हणजे पुनरुत्थान, मेलेलं परत उठून उभं राहणं. १९४७ साली दमास्कसमध्ये पक्ष स्थापन झाला, सगळे अरब एक व्हावेत, समाजवाद यावा वगैरे वगैरे. सीरियात तो १९६३ ला सत्तेत आला, इराकमध्ये १९६८ ला पक्का बसला, आणि १९६६ च्या फुटीनंतर दोन्हीकडचे बाथवाले एकमेकांचे कट्टर दुश्मन, भाऊबंदकी म्हणतो ना तसं. पण खालच्या माणसाच्या दृष्टीनं दोन्हीकडे पक्ष म्हणजे विचार बिचार नव्हता हो, पक्ष म्हणजे नोकरी, प्रमोशन, पोराची कॉलेजची अॅडमिशन आणि शेजारी आपल्यावर काय रिपोर्ट लिहितोय याची धास्ती. हे डोक्यात ठेवा, कारण पुढचे सगळे लफडे इथूनच सुरू होतात.

मी निवृत्त मुख्याध्यापक. अमेरिकेने २००३ मध्ये इराकमधल्या बाथवाल्यांना नोकरीतून काढले त्यावर सगळे टीका करतात, मला मात्र ते योग्यच वाटते. ३५ वर्षे छळ केला त्यांना जनतेच्या पैशातून पगार का द्यायचा? (नाशिक)

सर, तुमचा राग मला समजतो आणि निम्मं मी तुमच्याच बाजूची आहे. इराकमधल्या हलब्जा गावात १९८८ ला कुर्दांवर विषारी गॅस सोडला, त्या माणसांना कुणी पेन्शन द्यावी असं मी तरी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे, काढलं नक्की कुणाला?

झालं काय बघा. पॉल ब्रेमर नावाचे अमेरिकन साहेब १२ मे २००३ ला बगदादला उतरले आणि १६ मे ला, म्हणजे चार दिवसांत, त्यांनी ऑर्डर नंबर १ काढली. पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरचे सगळे सभासद सरकारी नोकरीतून बाद, आणि पुढे कधीही घ्यायचे नाहीत. या चारातली सगळ्यात खालची पायरी म्हणजे फिर्का, आपल्याकडचा वॉर्ड अध्यक्ष समजा. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं कदाचित, पण त्याच ऑर्डरमध्ये आणखी एक कलम होतं, प्रत्येक खात्यात, युनिव्हर्सिटीत, हॉस्पिटलात वरच्या तीन थरांत जो कुणी पूर्ण सभासद असेल, मग पक्षात तो कितीही खालचा असो, तोही बाहेर. म्हणजे हॉस्पिटलचा डॉक्टर सुपरिंटेंडेंट, वॉटर सप्लायचा चीफ इंजिनिअर, युनिव्हर्सिटीतला विभागप्रमुख. आता तुम्हीच सांगा सर, ज्या देशात सभासद झाल्याशिवाय कुणी सुपरिंटेंडेंट होऊच शकत नव्हता तिथं सभासद नसलेला सुपरिंटेंडेंट आणायचा कुठून?

आणि तुम्ही मुख्याध्यापक म्हणून तुम्हाला खास सांगते, सगळ्यात जास्त फटका बसला मास्तरांना. वरच्या शिक्षकी पोस्टवर जायचं तर पक्षात वर सरकावं लागायचं, पगारात भर पडायची, त्यात इराण युद्ध झालं, १९९० नंतर निर्बंध लागले, दिनाराची किंमत कागदाएवढी झाली, मग चार पैशासाठी लोक फिर्का झाले. सुरुवातीचा अंदाज होता साधारण २० हजार लोक जातील, प्रत्यक्षात आकडा त्याच्या कितीतरी पुढं गेला आणि त्यात हजारो शिक्षक. तुमच्या शाळेतले निम्मे शिक्षक एका सोमवारी सकाळी आलेच नाहीत असं समजा, आणि वर परीक्षा तोंडावर.

ब्रेमरच्या आधी तिथं असलेले जनरल गार्नर आणि सीआयएचा तिथला प्रमुख दोघंही सांगत होते की एवढं खोल खणू नका. ऐकलं नाही. मग २३ मे ला ऑर्डर नंबर २, त्यात सैन्यच बरखास्त, साधारण ४ लाख माणसं एका कागदावर बेकार, बंदुका घरी आणि हातात पगार शून्य. जूनमध्ये बगदादमधल्या अमेरिकन मुख्यालयाच्या गेटवर निदर्शनं झाली, त्यात दोन माजी सैनिक गोळीनं मेले, त्यानंतर कुठं भत्ता द्यायचं ठरलं. पुढं जे आयसिस उभं राहिलं त्याचा आराखडा आखणाऱ्यांत सद्दामच्या हवाई संरक्षण दलातला एक माजी कर्नल होता, हाजी बक्र म्हणायचे त्याला. सगळं आयसिस या दोन ऑर्डरींमुळं झालं असं म्हणणं भाबडेपणा आहे, पण नोकरी, पेन्शन, इज्जत तिन्ही एकाच आठवड्यात गेलेला, बंदुकीचं ट्रेनिंग झालेला माणूस गल्लोगल्ली मोकळा सोडला तर कुणीतरी त्याला कामाला लावणारच ना.

आणखी एक, अरबीत या मोहिमेला शब्द वापरला इज्तिथाथ, म्हणजे मुळासकट उपटणं. शेतकऱ्याला विचारा, हराळी उपटायला गेलं की चांगलं पीकपण हातात येतं आणि हराळीची कांडी जमिनीत राहतेच.

शेवटी एप्रिल २००४ मध्ये ब्रेमरनीच जाहीर केलं की धोरण बरोबर होतं पण अंमलबजावणी चुकली, शिक्षकांना परत घेऊ. वर्ष गेलं तोवर.

ताई मी एमए करतोय. इराकचं सोडा, पण जर्मनीत तर जमलं ना? नाझी पक्ष संपला, आज तिथं हिटलरचं नाव काढायची चोरी. मग त्यांनी काय वेगळं केलं? (पुणे)

हा प्रश्न अमेरिकन लोकांनीपण स्वतःला विचारला होता, इराकची ऑर्डर लिहिताना जर्मनीचंच उदाहरण डोळ्यासमोर होतं. गंमत अशी की जर्मनीत जे झालं असं सगळ्यांना वाटतं ते तसं झालंच नव्हतं.

१९४५ ला नाझी पक्षाचे सभासद होते साधारण ८५ लाख, म्हणजे दर दहा माणसामागं एक. त्यातपण प्रकार. हिटलर जानेवारी १९३३ ला सत्तेवर आला तेव्हा सभासद होते साडेआठ लाखांच्या आसपास आणि मे पर्यंत झाले २५ लाख, इतकी झुंबड उडाली की पक्षालाच दार बंद करावं लागलं. जुने नाझी या नव्यांना टोमणा मारायचे, मार्चमध्ये पडलेले म्हणून, कारण मार्च १९३३ ची निवडणूक झाल्या झाल्या सगळे येऊन पडले. आपल्याकडं निकालाच्या दिवशी दुपारनंतर गुलाल घेऊन येणारे असतात ना, तेच हे.

आता यातले खरे किती, भीतीनं आलेले किती, नोकरीसाठी किती, ठरवायचं कसं? अमेरिकन लोकांनी फॉर्म काढला. फ्रागेबोगन. १३१ प्रश्न! उंची वजनापासून सुरुवात, कुठल्या संघटनेत होतास, पगार किती होता, एवढंच नाही तर १९३२ च्या निवडणुकीत मत कुणाला दिलंस हेपण. गुप्त मतदान गेलं खड्ड्यात. सुरुवातीला नियम असा की १ मे १९३७ च्या आधी सभासद झालेला असेल तर सरळ घरी. सप्टेंबर १९४५ मध्ये तर कायदा आला की नाझी सभासदाला खाजगी धंद्यातसुद्धा साध्या मजुराच्या वरचं काम देता येणार नाही, म्हणजे मालकच आपल्या दुकानात हमाल. अमेरिकन जनरल पॅटन त्याच महिन्यात पत्रकारांना बोलून बसले की नाझी असणं म्हणजे आपल्याकडच्या डेमोक्रॅट रिपब्लिकनसारखंच, आणि त्यांचीच उचलबांगडी झाली.

पण फॉर्मचे ढीग एवढे झाले की ते तपासायला माणसं कुठून आणणार. मग मार्च १९४६ ला कायदा करून काम जर्मन लोकांच्याच गळ्यात टाकलं. अमेरिकन भागात अठरा वर्षांवरच्या प्रत्येकानं फॉर्म भरायचा, १ कोटी ३० लाखांवर फॉर्म आले, पाचशेच्या वर लोकन्यायालयं बसली, आणि माणसाला पाच डब्यांपैकी एका डब्यात टाकायचं, मुख्य दोषी, दोषी, कमी दोषी, मिटलॉयफर, आणि निर्दोष. मिटलॉयफर म्हणजे सोबत पळणारा, आपल्या भाषेत वारा येईल तशी पाठ देणारा.

आणि इथं येते धुण्याची पावडर. पेर्सिल हा जर्मनीतला आपल्या निरमासारखा घराघरातला ब्रँड. न्यायालयात स्वतःला निर्दोष ठरवायला चांगल्या वर्तणुकीचे दाखले लागायचे, मग काय, पाद्रीबाबांकडून एक, शेजारणीकडून एक, मालकाकडून एक, आणि एखादा वाचलेला ज्यू ओळखीचा निघाला तर सोन्याहून पिवळं. लोकांनी या दाखल्याला नाव पाडलं पेर्सिलशाइन, धुलाईचं सर्टिफिकेट. तुला मी देतो, मला तू दे. सिगरेटच्या बदल्यात पण मिळायचं म्हणतात. तपकिरी शर्ट घालून आत जायचं आणि पांढरा होऊन बाहेर, नाझींचा युनिफॉर्म तपकिरी होता म्हणून हा जोक.

निकाल काय लागला ते आकड्यात बघ म्हणजे कळेल. अमेरिकन भागात मुख्य दोषी ठरले ते २ हजार पण नाहीत, आणि सोबत पळणारे ४ लाख ८५ हजार. एका इतिहासकारानं तर या न्यायालयांना सोबत पळणाऱ्यांची फॅक्टरीच म्हटलंय. त्यातही एक चावटपणा झाला, सोप्या केसेस आधी उरकल्या. पोस्टमन, मास्तर, रेल्वेतला क्लार्क यांच्या सुनावण्या १९४६-४७ मध्ये कडक हवेत झाल्या, मोठ्या माशांच्या फायली जाड, साक्षीदार जास्त, म्हणून त्या मागं ठेवल्या. आणि त्यांचा नंबर येईपर्यंत १९४८ उजाडलं, रशियाशी फाटलं, बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली, अमेरिकेला आता जर्मन मित्र म्हणून हवे होते, मग दुकान आवरा. छोट्यांना दंड आणि मोठ्यांना हस्तांदोलन. हे वाचताना मला आपल्याकडची बँकेची वसुली आठवते, ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जप्ती आणि कारखान्यावाल्याला रिस्ट्रक्चरिंग, पण जाऊ दे.

मग १९५१ ला पश्चिम जर्मनीच्या संसदेनं कायदा करून काढलेल्या सरकारी नोकरांना परत घ्यायची सोय केली, विरोधात जवळजवळ कुणीच नाही. चॅन्सेलर आडेनाउअर १९५२ ला संसदेत म्हणाले की नाझी हुंगत फिरणं आता थांबवा. त्यांचा स्वतःचा उजवा हात कोण, तर हान्स ग्लोबके, ज्यानं न्युरेंबर्गच्या वंशविषयक कायद्यांवर भाष्य लिहिलं होतं, ज्यू कोणाला म्हणायचं ते समजावून सांगणारं. आणि हा ग्लोबके नाझी पक्षाचा सभासद नव्हता बरं का! उलट बाजूला ऑस्कर शिंडलर, १२०० च्या आसपास ज्यू वाचवणारा, तो मात्र रीतसर सभासद. कार्ड बघून माणूस कळतो असं ज्याला वाटतं त्याला ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून द्यावीत.

आता तू म्हणशील म्हणजे सौम्य वागले ते बरंच झालं, देश उभा राहिला. थांब. जर्मन न्यायमंत्रालयानं स्वतःचाच इतिहास तपासून घेतला, तो अहवाल २०१६ ला आला, त्यात निघालं की १९५७ साली मंत्रालयातले वरचे अधिकारी ७७ टक्के माजी नाझी सभासद होते. हिटलरच्या काळात हे प्रमाण इतकं होतं का यावरच लोकांनी डोक्याला हात लावला. हिटलरच्या काळातलं एक लोकन्यायालय होतं, वरच्या फॉर्मवाल्यांपेक्षा वेगळं, त्यानं हजारो लोकांना मृत्यूदंड दिला, त्यातल्या एकाही न्यायाधीशाला पुढं पश्चिम जर्मन कोर्टात शेवटपर्यंत टिकलेली शिक्षा झाली नाही. ज्याचा बाप त्या कोर्टानं मारला त्यानं पेन्शनच्या अर्जावर सही मागायला त्याच साहेबाकडं जायचं, हे देश उभा राहिला या वाक्यात बसत नाही.

मग जमलं काय? माझ्या मते एक गोष्ट जमली, संघटना मोडली आणि परत उभी राहू दिली नाही. पक्ष, झेंडा, पैसा, इमारती सगळं ऑक्टोबर १९४५ ला कायद्यानं संपवलं, आणि १९५२ मध्ये नाव बदलून तोच माल आणणारा एक पक्ष त्यांच्या घटना न्यायालयानं बंद केला. माणसं सुटली, दुकान नाही सुटलं. बाकी हिटलरचं नाव घ्यायची लाज वाटायला लागली ती फॉर्ममुळं नाही, पोरं मोठी झाली आणि बापाला विचारायला लागली तेव्हा, साठच्या दशकात. १९६८ ला चॅन्सेलर होते किसिंगर, १९३३ पासूनचे नाझी सभासद, त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात बेआटे क्लार्सफेल्ड नावाची बाई सरळ स्टेजवर गेली आणि त्यांच्या थोबाडीत दिली. १३१ प्रश्नांनी जे झालं नाही ते त्या एका आवाजानं थोडं झालं असं माझं मत, प्राध्यापकांना विचारून पेपरात लिही मात्र.

मग यादी करायचीच नाही का? तुम्ही सगळीकडं चूकच दाखवताय. कुणीतरी बरं केलं असेल ना. (डोंबिवली)

बरोबर पकडलंत. बरं केलेली उदाहरणं आहेत, पूर्ण बरं कुठंच नाही.

पूर्व जर्मनीत १५ जानेवारी १९९० ला लोक स्टासीच्या म्हणजे गुप्त पोलिसांच्या हेडऑफिसात घुसले, फायली फाडल्या जात होत्या त्या वाचवल्या. १०० किलोमीटरच्या वर लांबी भरेल एवढ्या फायली! मग १९९१ च्या शेवटी कायदा झाला, १९९२ पासून साधा माणूस जाऊन स्वतःची फाइल वाचू शकतो. सरकारी नोकरीत ठेवायचं का नाही हे पक्षाच्या कार्डावर नाही, तर तू शेजाऱ्याची चुगली लिहून देत होतास का यावर, आणि तेसुद्धा माणसागणिक बघून. हा फरक मोठा आहे. अर्थात नवराच बायकोवर रिपोर्ट लिहीत होता असं फाइलमध्ये निघालं तेव्हा त्या घरांचं काय झालं ते कायद्यात नसतं.

चेकोस्लोव्हाकियानं ऑक्टोबर १९९१ ला कायदा केला, जिल्हा पातळीपासून वरचे कम्युनिस्ट पदाधिकारी, गुप्त पोलीस, त्यांचे खबरे यांना ठरावीक वरच्या सरकारी जागा बंद. पाच वर्षांसाठी म्हणून आणला, मग वाढवला, मग कायमचाच झाला, टेंपररी शेड कायम होते तसं. पण एक शहाणपण त्यात होतं, निवडणूक लढवायला बंदी नव्हती. कम्युनिस्ट पक्षपण बंद केला नाही, तो संसदेत बसत राहिला २०२१ पर्यंत, आणि तेव्हा त्याला घालवलं ते मतदारांनी.

त्यातही चटके बसलेच. यान कावान म्हणून एक होते, लंडनमध्ये राहून देशातल्या विरोधकांना पुस्तकं, छपाईचं सामान पुरवणारे. १९९१ मध्ये संसदेत टीव्हीसमोर त्यांचं नाव खबऱ्या म्हणून वाचलं गेलं. पाच वर्षं कोर्टात भांडले, १९९६ ला सुटले, पुढं परराष्ट्रमंत्री झाले, यूएनच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. त्यांना भांडता आलं कारण कोर्ट होतं. कोर्ट नसलेल्या ठिकाणी यादीत नाव आलं की आलं.

इराकमध्ये नेमकं हेच नव्हतं. यादी करणाऱ्या कमिशनवर अहमद चलबी, लहानपणीच देशाबाहेर गेलेले आणि आता सत्तेच्या शर्यतीत असलेले. मार्च २०१० च्या निवडणुकीआधी ५०० च्या वर उमेदवारांना बाथवाले म्हणून बाद केलं, आणि ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं हे झालं तो स्वतः त्याच निवडणुकीत उमेदवार! अंपायरनंच पॅड बांधून यावं. बाद झालेल्यांत सालेह अल मुतलक नावाचे सुन्नी नेते होते, निवडणूक झाली, सरकार बनेना, आठ नऊ महिने घासाघीस चालली आणि डिसेंबरमध्ये तेच मुतलक उपपंतप्रधान झाले. बाथवालेपण कुठं गेलं मधल्या मधे? धुतलं गेलं.

तेव्हा डोंबिवलीकर, यादी करा, पण ती कृत्याची करा, लिहिणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा ठेवा, मुदत घाला, आणि ज्याचं नाव आलंय त्याला कागद दाखवा. एवढं जरी केलं तरी निम्मं भांडण मिटतं.

मॅडम, आपल्याकडं १९४७ ला इंग्रजांचे नोकर का नाही काढले? आणि १९७७ ला इमर्जन्सीवाले? आपण फारच सोशिक का? (नागपूर)

१९४७ ला पक्ष नव्हता गेला, राज्य गेलं होतं, त्यामुळं तुलना थोडी ओढून ताणून होते. पण प्रश्न आला होताच. आयसीएसवाल्यांनी इंग्रजांचे हुकूम पाळलेत, त्यांना हक्क कशाला द्यायचे, म्हणून घटना समितीत आवाज चढले. ऑक्टोबर १९४९ ला सरदार पटेल त्यांच्या बाजूनं उभे राहिले, ही माणसं नसती तर फाळणीनंतरचा गाडा चालला नसता असा त्यांचा सूर. आपल्या महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख घ्या की, आयसीएस, १९४३ ला इंग्रजांनीच त्यांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर केलं, आणि १९५० ला तेच नेहरूंचे अर्थमंत्री. आणि १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा फेकून बाहेर पडले ते पण तेच. इंग्रजांचा माणूस म्हणून काढले असते तर तो राजीनामा द्यायला कोण होतं?

पण याची दुसरी बाजू अशी की माणसांबरोबर सवयीपण ठेवल्या. तहसील कचेरीत आजही साहेब समोर बसा म्हणत नाही, ते त्या हिशेबात धरा.

१९७७ चं सांगायचं तर मे महिन्यात इमर्जन्सीची चौकशी करायला शहा आयोग नेमला, सुनावण्या झाल्या, इंदिरा गांधींना डिसेंबर १९७८ ला लोकसभेतून काढून तुरुंगातपण टाकलं, आणि जानेवारी १९८० ला त्या दणक्यात परत. काँग्रेसवर बंदी घाला असं कुणी गंभीरपणे म्हणालं नाही आणि ते बरंच झालं, कारण ज्यांनी घालायची त्यातले निम्मे आदल्या दिवशीपर्यंत काँग्रेसमध्येच होते.

बांगलादेशात अवामी लीगवर बंदी घातली ते बरोबर की चूक? एका वाक्यात सांगा. (ठाणे)

एका वाक्यात नाही जमत, दोन घ्या. मे २०२५ मध्ये अंतरिम सरकारनं नेत्यांचे खटले निकालात निघेपर्यंत शेख हसीनांच्या या पक्षाच्या सगळ्या कामावर बंदी घातली आणि निवडणूक आयोगानं नोंदणी थांबवली, म्हणजे पक्षाचं नाव (होडी) हे चिन्ह मतपत्रिकेवरून गेलं. ज्यांनी २०२४ च्या आंदोलनात पोरांवर गोळ्या चालवायला सांगितल्या त्यांच्यावर खटले हवेतच, पण ज्या बाईनं आयुष्यभर नावेवर शिक्का मारला ती त्या दिवसापासून कुणाची, हे बंदीच्या कागदात लिहिलेलं नाही.

मी खात्यातून रिटायर झालेला कारकून. वीस वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी सगळ्या स्टाफचे कुठल्यातरी पक्षाचे सभासद फॉर्म भरून घेतले, दोन दोन रुपये पण त्यांनीच भरले. मला आजवर माहीत नाही मी कुठल्या पक्षात आहे. ताई, तुमचं जर्मनी इराक वाचून धडकी भरते. असं नाव कुठं राहतं का? (रत्नागिरी)

काका, घाबरू नका, आपल्याकडं सभासद नोंदणीच्या वह्या कुठं ठेवल्यात हे पक्षालाच सापडत नाही. पण विचारलंत म्हणून एक खरी गोष्ट सांगते.

१९४५ च्या वसंतात, हरणार हे दिसल्यावर, नाझींनी म्युनिकमधली सभासदांची सगळी कार्डं ट्रक भरभरून शहराच्या टोकाच्या एका कागद गिरणीत पाठवली, लगदा करायला. गिरणी चालवणाऱ्यानं लगदा केलाच नाही. इतर रद्दीखाली कार्डं दडवून ठेवली आणि अमेरिकन आल्यावर सांगितलं. लाखो कार्डं, नाव, जन्मतारीख, नंबर, कधी सामील झाला. ती पुढं बर्लिनमध्ये अमेरिकन लोकांच्या ताब्यात राहिली जवळजवळ पन्नास वर्षं, आणि १९९४ ला जर्मन सरकारकडं आली. जर्मन सरकारला ती लवकर हवी होती असं काही त्या पन्नास वर्षांत दिसलं नाही, कपाट दुसऱ्याच्या घरात असलेलं बरं.

त्याच वर्षी जगाला कळलं की हान्स डीट्रिश गेन्शर यांचं पण कार्ड त्यात आहे. गेन्शर म्हणजे १९७४ पासून १९९२ पर्यंत परराष्ट्रमंत्री, जर्मनी एक करण्यात ज्यांचा मोठा हात. जन्म १९२७ चा, म्हणजे कार्ड झालं तेव्हा सतरा वर्षांचं पोरगं. ते म्हणाले मी सही केलीच नव्हती, वरच्या कुणीतरी सगळ्या पोरांची नावं एकगठ्ठा पाठवली असतील. काही इतिहासकार म्हणाले असं होत नसे, सही लागायचीच. काही म्हणाले युद्धाच्या शेवटी काहीही होत होतं. गेन्शर २०१६ ला गेले, वाद तसाच राहिला.

तुमचे ते साहेब हयात असतील तर एकदा फोन करून विचारून घ्या काका, दोन रुपये कुणाच्या नावावर भरले होते ते. आणि कळलं की मलापण कळवा.